रिकामं कोंडाळं

त्याला सगळे अडसर म्हणायचे. जुन्या दाराला आतून आडवा दांडा लावतात ना, तो अडसर. खांदे तसेच आणि डोकंही लाकडाचंच, असं त्याची बायको म्हणायची, आणि तो हसायचा. बायकोवर त्याने जन्मात हात उगारला नाही. बाकी जगावर हात टाकायला मात्र त्याला फारसं कारण लागायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाचं कसलं चरित्र सांगता? अहो, मोठ्या माणसांची चरित्रं सगळेच सांगतात. त्यांच्या आजूबाजूला कोपर मारत उभी असलेली माणसं फोटोतून कापून टाकतात. त्यातला हा एक.

मार त्याला घरातूनच मिळाला होता. बाप लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा आणि संध्याकाळी येऊन दिवसभराचा राग याच्या पाठीवर उतरवायचा. आई लवकर गेली. उरली थोरली बहीण, अक्का. बापाने पट्टा काढला की अक्का याच्या अंगावर पालथी पडायची आणि वळ स्वतःच्या पाठीवर घ्यायची. एक दिवस तिने कोपऱ्यातलं फळकूट उचललं आणि बापाच्या मनगटावर असं हाणलं की हाड कातडीबाहेर आलं. बाप गुरासारखा ओरडला. अक्का म्हणाली, “धाकट्याला परत हात लावलात तर दुसराही मोडीन.” त्यानंतर बापाने हात लावला नाही. लावणार कशाने? त्या हाताला चहाचा कपसुद्धा पेलेना. पुढे बापाला घास भरवायलाही अक्काच बसायची.

अडसर मोठा झाला, वखारीत राबला, मग खेळाच्या मैदानाच्या फाटकावर उभा राहिला. तिथे तीन टगे फुकट घुसायला लागले, तेव्हा याने दोघांना कठड्यापलीकडे भिरकावलं आणि तिसऱ्याचं तोंड गजावर आपटून त्याचे पुढचे दात पाडले. हे सगळं एक माणूस शांतपणे बिडी ओढत बघत होता. तो मुकादम. गर्दी आवरायला माणसं पुरवणं हा त्याचा धंदा.

“लग्न झालंय का रे?” मुकादमाने विचारलं.

“झालंय.”

“मग बोलणी खायची सवय असेल. ये उद्यापासून.”

मुकादमाच्या टोळीचं काम म्हणजे निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाभोवती दोर धरून चालायचं. मनगटाएवढा जाड सुती दोर, त्याचं मोठं वेटोळं, आतून माणसं उभी. दोर कमरेशी, पाठ उमेदवाराकडे, तोंड लोकांकडे. टोळीत याला म्हणायचे कोंडाळं. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? पण बाजारभर लोक रेटायला लागले की बरगड्या बोलायला लागतात. गुडघे वाकवून चालायचं. कोपर मारायचं ते खालून, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं. आणि दोर मुठीत धरायचा, मनगटाला कधी गुंडाळायचा नाही. मूठ सोडता येते, गुंडाळलेलं मनगट सोडवता येत नाही. हा नियम मोडलेला एक जण टोळीत होता. त्याचा उजवा पंजा वाळलेल्या पानासारखा लटकायचा आणि तो आता फक्त पाणी वाटायचा.

टोळीचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे साहेब. गाद्यांच्या कारखान्याचे मालक, दोनदा निवडून आलेले. एके काळी ते खरोखरच कोंडाळ्यात चालायचे, हात मिळवायचे, लेकरांचे गाल ओढायचे. मग एकदा भर रस्त्यात एका म्हाताऱ्या मास्तराने दोराखालून हात घालून त्यांची कॉलर धरली आणि विचारलं, “शाळेचं छप्पर पडलं, त्याचे पैसे कुठे गेले?” साहेबांचं त-त-प-प झालं. घाम फुटला. ते सगळ्यांनी आपापल्या फोनवर बघितलं, परत परत बघितलं आणि पोट धरधरून हसले. मास्तरांना नंतर गल्लीत कोणीतरी गाठलं. ते वर्षभर काठीवर होते.

त्यानंतर पक्षाच्या मोठ्या कार्यालयातून एक चष्मेवाला आला. पोरसवदा, गोड बोलणारा, कधी कोणाला अरे-तुरे न करणारा. त्याने साहेबांना समजावलं, की मतदार हा लांबून बघायचा प्राणी आहे आणि बातमीदार तर लांबूनही बघू नये. तेव्हापासून साहेब बंद खोलीत, चित्र आणि आवाज टिपणाऱ्या यंत्रापुढे बसून बोलायचे. चुकलं की पुन्हा. पुन्हा चुकलं की पुन्हा. जमेपर्यंत. मग ते बोलणं घरोघर फोनवर पोचायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही आपल्याच दिवाणखान्यात बसवायचा! मुकादम म्हणायचा, “आपल्याला काय, दोर धरायचे पैसे मिळतात ना?” मिळत होते.

त्या हिवाळ्यात साहेबांच्या कारखान्याला आग लागली. फोमचा माल तो, पेटायला वेळ कसला लागतो? रात्रपाळीची माणसं आत होती. त्यांत अक्काचा एकुलता एक मुलगा.

ओळख पटवायला घरच्यांना बोलावलं, तेव्हा अक्काबरोबर अडसर गेला. चेहरा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. अक्काने मुलाला कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलावरून ओळखलं. मग तिने चादर आणखी खाली ओढली आणि त्याचे हात पाहिले. बोटांची टोकं झिजून हाडं उघडी पडली होती. शेजारच्या चादरीखालच्या हातांचीही तीच गत. अडसराने चादर परत वर ओढली. अक्का रडली नाही. घरी आल्यावर ती उंबऱ्यात म्हणाली, “उघडं दार कोणी नखांनी खरवडतं का रे, धाकट्या?”

साहेबांनी यंत्रापुढे सांगितलं होतं, की दार उघडंच होतं, धुरात बिचाऱ्यांना दिसलं नाही. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. अडसराने ते खरं धरलं. धरावंच लागलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, त्याच्या मुलीच्या आजारपणात डॉक्टर पाठवला होता, आणि खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस अशा वेळी डोकं चालवत नाही. पण रात्री-बेरात्री ती बोटं त्याला दिसायची, आणि मग तो दुसऱ्या दिवशी गर्दीत गरजेपेक्षा जास्त जोरात मारायचा.

अक्का सगळीकडे जाऊन आली. कारखान्याच्या कार्यालयात गेली, तिथल्या पहारेकऱ्याने तिला पायऱ्यांवरून ढकललं. बंगल्यावर गेली, तिथे अंगावर कुत्रं सोडलं. सभेला गेली, तर पहिल्या रांगेपर्यंत पोचण्याआधीच कोणीतरी तिच्या पोटात गुडघा घातला. “तुझ्यासारखाच होता,” ती अडसराला म्हणाली. “चांगला मजबूत.”

तिचे प्रश्न थोडेच होते. दाराला बाहेरून कुलूप कोणी लावलं? किल्ली कोणाकडे होती? साहेबांच्या तोंडून, डोळ्यांत डोळे घालून ऐकायचं होतं. पुढे कोर्टकचेरी करीन की नाही, ते नंतर बघू, म्हणायची. आधी ऐकू दे.

हेच प्रश्न विचारणारा आणखी एक जण होता, एका लहानशा वर्तमानपत्राचा बातमीदार. हडकुळा, घोगऱ्या आवाजाचा आणि चिवट. एकदा तो दोराखालून सरपटत आत आला आणि ओरडला, “कुलपाचं काय?” अडसराने त्याला उचलून जमिनीवर आपटलं आणि खांद्यावर गुडघा टेकवून भार दिला. गळपट्टीचं हाड मोडल्याचा कडकन आवाज आला. मुकादमाने शाबासकी दिली. आठवडा उलटत नाही तोच तो बातमीदार हात गळ्यात बांधून परत हजर, आता लांबून ओरडणारा. चष्मेवाल्याने त्याचा फोटो छापून सगळ्या पहारेकऱ्यांच्या भिंतींवर लावला: याला कुठेही आत सोडायचं नाही.

आणि मग ती भन्नाट युक्ती निघाली. निघाली म्हणजे आपोआपच घडली. एका फेरीत साहेबांचं पोट बिघडलं म्हणून ते एका दुकानातून मागच्या दाराने सटकले. टोळीला कळलंच नाही. कोंडाळं चालत राहिलं, लोक रेटत राहिले, घोषणा देत राहिले, फुलं फेकत राहिले. आत कोणी नाही हे गर्दीला कळेना, कारण गर्दीला तसंही आतलं कधी दिसायचंच नाही. समोरच्या गच्चीवरून चष्मेवाला हे बघत होता. तो म्हणे टाळ्या वाजवून हसला.

तेव्हापासून साहेब यायचेच नाहीत. काळ्या काचांची गाडी यायची, दार उघडायचं, भलीमोठी छत्री बाहेर पडायची. उन्हासाठी, असं सांगायचे. छत्रीखाली एक चिंधीबाजारातला शिंपी असायचा. साहेबांच्या उंचीचा, साहेबांसारखी अंगठी घातलेला. त्याने छत्री खाली ओढून एक हात बाहेर काढायचा आणि हलवायचा. बस. त्याला टोळीत छत्रीवाला म्हणायचे आणि त्याची फार चेष्टा करायचे. “काय साहेब, रस्ता कधी करताय?” तो म्हणायचा, “गप रे, माझा हात दुखतोय.” बाहेर लोक त्या हाताला नमस्कार करायचे. अडसर हसायचा, पण मनात म्हणायचा, ही भानगड फुटली तर लोक आपल्याला उभं चिरतील.

मतदानाच्या आधीच्या शेवटच्या फेरीला मात्र साहेब स्वतः चालणार होते. चष्मेवाल्याने टोळीसमोर शब्द दिला होता. मोठे कॅमेरे येणार, म्हणजे खरे साहेब हवेतच. हे कळलं तेव्हा अडसर अक्काकडे गेला. ती भिंतीला टेकून बसली होती, मुलाचा शर्ट मांडीवर.

“अक्का, परवा ते बाजारातून चालणार आहेत. मी डाव्या अंगाला असेन. घड्याळाच्या दुकानापाशी आलो की दोर उचलीन. वाकून आत ये, विचार आणि निघ.”

अक्काने मांडीवरच्या शर्टाची घडी घातली. “तू मला मारणार नाहीस ना?”

“अक्का!”

“नाही, आपलं विचारून ठेवलं.”

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, की परवानंतर हे काम सुटेल. बायको म्हणाली, “सुटू दे. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.” आणि ती त्याच्या खांद्यांना तेल लावत बसली.

त्या दिवशी बाजार माणसांनी असा भरला होता की दुकानदारांनी झडपा खाली ओढून घेतल्या. गाडी थांबली. दार उघडलं. छत्री बाहेर आली, आणि छत्रीखालून शिंप्याचा तोच हात.

अडसराने मान वळवून छत्रीखाली पाहिलं. “साहेब कुठायत?” त्याने मुकादमाला विचारलं.

“घरी. पाय शेकत बसलेत. शेवटच्या दिवशी कोण जोखीम घेतो, बाबा? कॅमेऱ्यांना हात पुरतो. धर दोर.”

त्याच क्षणी त्याने दोर टाकून पळत सुटायला हवं होतं. पण मागूनही गर्दीने वाट बंद केली होती आणि कोंडाळं चालायलाही लागलं होतं. घड्याळाचं दुकान दिसलं. झडपेला पाठ लावून अक्का उभी होती, सोबत कारखान्यात जळालेल्या पोरांचे आईबाप. अडसराने मान हलवली, जोरजोरात, नाही, नाही, येऊ नकोस. तिला वाटलं, तो म्हणतोय अजून थांब. ती थांबली. मागून लोंढा आला आणि ती माणसं झडपेवर चेपली गेली. एक म्हातारा उभ्या उभ्या शुद्ध हरपला आणि खाली पडायलाही त्याला जागा मिळेना. अक्काचं तोंड उघडं पडलं, पण आवाज फुटत नव्हता. तिचा श्वास कोंडला होता.

आता काय करणार? दोर एका हाताने उचलायचा तर दुसऱ्या हातात पक्का हवा. अडसराने डाव्या मनगटाला दोराचा पीळ दिला, उजव्या हाताने दोर वर केला आणि अक्काला दंडाला धरून आत खेचलं.

अक्का गुडघ्यांवर पडली, उठली, आणि कोणी अडवायच्या आत तिने छत्री हिसकली.

“दाराला बाहेरून कु...”

समोर शिंपी. घामाने निथळणारा, एक हात अजून वर. तो हात बिचारा हलतच होता.

अक्का वळली. तिने अडसराकडे पाहिलं आणि त्याच्या मुस्कटात लगावली. “तुला माहीत होतं?” दुसरी लगावली. “तुला माहीत होतं, आणि तू मला बोलावलंस?” अडसराला सांगायचं होतं, आज येणार होते गं, शब्द दिला होता. पण तोवर पुढच्या रांगेला छत्री पडलेली दिसली होती. कोणीतरी किंचाळलं, “आत कोणीच नाही! शिंपी आहे, शिंपी!”

मग जे झालं ते काही क्षणांतच झालं. लोक दोरावरून आत कोसळले. शिंप्याला खाली पाडलं आणि त्याच्या हलणाऱ्या हातावर टाचा देऊन उभे राहिले. तो ओरडत होता, “मी नाही, मी नाही!” छत्रीच्या काड्या काढून लोकांनी टोळीच्या पोरांना भोसकायला सुरुवात केली. टोळीनेही कोपरं सोडून मुठी, मुठी सोडून विटा हातात घेतल्या. मुकादमाच्या डोक्यात लोखंडी वजन बसलं आणि तो एक शब्द न बोलता आडवा झाला. दोराला दोन्हीकडून लोक ओढत होते. अडसराच्या मनगटाचा पीळ आवळला, कातडी सोलली, एक वेढा बोटांत अडकला, आणि करंगळी नि शेजारचं बोट मुळापासून उखडून दोरात गेलं. समोर, हातभर अंतरावर, अक्का पायांखाली पडली होती आणि त्याला पुढे होता येत नव्हतं. तो बैलासारखा ओढत होता. शेवटी कोणीतरी चाकूने दोर कापला, तेव्हा तो तिच्या अंगावर पडला आणि वरचे पाय आपल्या पाठीवर घेत राहिला.

लोंढा काळ्या गाडीकडे वळला. गाडी पेटली. तेवढ्यात एक हडकुळा माणूस एका हाताने अक्काला ओढून बोळात घेऊन गेला. तो बातमीदार. अडसर मागोमाग रांगत आला. अक्काच्या बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेताना आत काहीतरी खरखरत होतं. तिने ओठांवरचं रक्त पुसलं आणि विचारलं, “खरा कुठे आहे?”

“अक्का, आधी दवाखान्यात...”

“कुठे आहे?”

“घरी,” अडसर म्हणाला. “मागचं दार मला माहीत आहे.”

मागच्या दाराचा पहारेकरी अडसराला ओळखत होता. त्याचा सोलवटलेला हात बघून तो घाबरला आणि बाजूला झाला. अक्काला त्याने जाऊ दिलं. बातमीदाराला नाही; त्याचा फोटो तिथेच भिंतीवर होता. “मी इथेच आहे, ताई,” बातमीदार म्हणाला. “ते जे बोलतील ते बाहेर येऊन मला सांगा. नाहीतर त्यांनाच दारापर्यंत आणा.”

साहेब गंजीफ्रॉकवर बसले होते. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. भिंतीवरच्या टीव्हीवर त्यांचीच जळणारी गाडी दिसत होती आणि ते ती तोंड उघडं टाकून बघत होते. चष्मेवाला नव्हता, तो बाजारात होता. खोलीत यंत्र नव्हतं, लिहून दिलेला कागद नव्हता. अडसर दार अडवून उभा राहिला. अक्का घमेल्यापर्यंत चालत गेली.

“माझा मुलगा तुमच्या कारखान्यात जळाला. दाराला बाहेरून कुलूप कोणी लावलं?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. किती वर्षांत त्यांना कोणी समोरून काही विचारलं नव्हतं. खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि त्यांचा सराव होता तो ‘चुकलं की पुन्हा’चा. इथे पुन्हा करायची सोय नव्हती.

“मीच लावायला सांगितलं होतं,” साहेब म्हणाले. घरच्या माणसाशी बोलावं तसं. “रात्री माल चोरीला जायचा हो. सगळेच लावतात.”

“आत माणसं आहेत, माहीत होतं?”

“रात्रपाळी म्हटल्यावर असणारच ना, बाई.”

दारात अडसराच्या कानशिलांत रक्त धडधडायला लागलं. अक्काने डोळे मिटले, उघडले. ती किंचाळली नाही. बरगड्या धरून ती खाली बसली, साहेबांच्या चेहऱ्याच्या पातळीवर आली, आणि बुजरं जनावर पळू नये म्हणून बोलतात तशा आवाजात म्हणाली, “बरं. आणि किल्ली? किल्ली कोणाकडे होती?”

“किल्ली त्या रात्री...”

अडसराने उडीच घेतली. उजव्या हाताचा ठोसा जबड्यावर असा बसला की हाड बाजूला सरकलेलं दिसलं. घमेलं उलटलं. दुसरा ठोसा, तिसरा. दात जमिनीवर पडले. तोंडातून धड वाक्य नाही, नुसतं “माणसं असणारच ना, असणारच ना” असं काहीतरी तो बडबडत होता आणि हाणत होता. आपल्याला मागून कोणी ओढतंय, पाठीत बुक्क्या मारतंय, हे त्याला उशिरा कळलं.

“थांब! अरे मेल्या, थांब!” अक्का ओरडत होती. त्याला वाटलं, हिला दया आली. तो थांबला. अक्का साहेबांच्या अंगावर ओणवी झाली, तिने त्यांचा लोंबणारा जबडा दोन्ही हातांत धरला आणि तो जागेवर बसवायला बघू लागली. “बोला. साहेब, बोला ना. कोणाकडे होती? नाव सांगा. बोट करा नुसतं.” साहेबांच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. डोळे वर फिरले होते. मग पहारेकरी आत आले आणि काठ्या पडायला लागल्या.

साहेब निवडून आले. मागच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त मतांनी. एका गुंडाने घरात घुसून प्राणघातक हल्ला केला, जबडा तारांनी बांधलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, असं चष्मेवाल्याने जाहीर केलं, आणि लोक हळहळले. बातमीदाराने अक्काचं सांगणं जसंच्या तसं छापलं. उत्तर आलं, की मार देऊन वदवून घेतलेल्या बोलण्याला काय अर्थ? आधी बोलणं झालं, मग मार, हे कोण कोणाला पटवून देणार? जबडा आता भरून आलाय म्हणतात. पण बातमीदार प्रश्न घेऊन गेला, की साहेब अजून गालाला हात लावून दाखवतात.

अडसर तुरुंगात आहे. बायको येते, मुलीला घेऊन येते. अक्का महिन्यातून एकदा येते, जाळीपलीकडे बाकावर बसते, त्याच्या हाताकडे बघते, पाव आणि साबण ठेवून जाते. फार बोलत नाही. एकदा त्यालाच राहवलं नाही.

“अक्का, मी तुझ्यासाठी मारलं गं.”

“माहीत आहे मला.”

“मग बोलत का नाहीस?”

अक्काने जाळीला बोट लावलं. मग म्हणाली, “ज्याच्याकडे किल्ली होती, तो दाराबाहेरच असणार ना रे. त्याने ऐकलं असेल पोराला ओरडताना. पोरगा काय ओरडत होता, तेवढंच त्याला विचारायचं होतं मला. नाव सांगत होता रे तो साहेब, धाकट्या. सांगतच होता.”